एका संध्याकाळी फार तर चार चित्रं

१९३१ साली परळमध्ये रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक अवजड कोरीव शिळा वर आली. तिच्यावर शिव आहे. मधोमध एकावर एक अशा तीन आकृती, त्यांच्या अंगांतून दोन्ही बाजूंना झेपावणाऱ्या आणखी चार, आणि खाली वाद्यं घेतलेले गण. उंची माणसाच्या जवळजवळ दुप्पट. काळ इसवी सनाचं पाचवं-सहावं शतक. ही शिळा आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे. तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे.

लालबागमधल्या आमच्या वाचनालयापासून हे मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आमचे कितीतरी सभासद याच भागात जन्मले, इथेच त्यांची लग्नं झाली, मुलं मोठी झाली. शिळा पाहिलेले त्यांच्यात अगदी थोडे होते. एका सभेनंतर गप्पांमध्ये हा विषय निघाला आणि कोणीतरी म्हणालं, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही हो." ते ऐकून मला फार वाईट वाटलं. कला आणि साहित्यावर मोठ्यांसाठी व्याख्यानमाला आपण सुरू करायचीच, हे मी त्या दिवशी ठरवलं.

मी वाचनालयाची खजिनदार आहे. दिवसा एका खासगी कंपनीत हिशेब लिहिते, संध्याकाळी वाचनालयाचे. त्यामुळे कोणतीही कल्पना सुचली की पहिला प्रश्न पैशांचा येतो. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक वाचनालयांना शासनमान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान येतं. आमच्याकडे ते पुस्तकं, सेवकांचे पगार आणि वीजबिल यांतच संपतं. व्याख्यानांसाठी वेगळी वर्गणी काढावी लागणार होती. कार्यकारिणीपुढे मी तसा अंदाज मांडला: वक्त्याचं मानधन, प्रोजेक्टरचं भाडं, चहा, आणि भिंत रंगवण्याचा खर्च. भिंतीचं पुढे सांगते.

विरोध झाला, आणि तो मनापासूनचा होता. "चित्रकलेवर ऐकायला कोण येणार? त्यापेक्षा मधुमेहावर डॉक्टर बोलवा." व्याख्यानं ऐकण्याची सवय आपल्या लोकांना जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि तेव्हापासून गावोगावी इतिहास, संतवाङ्मय, राजकारण यांवर हजारो भाषणं झाली असतील. चित्र मात्र त्या व्यासपीठावर क्वचितच आलं, कारण चित्राबद्दल नुसतं बोलून भागत नाही, ते समोर असावं लागतं. आता प्रोजेक्टर भाड्याने मिळतो. शिवाय आमचे लोक मुंबईत राहतात. मूळ कलाकृती इथे दोन-तीन स्टेशनांवर आहेत. करी रोडला गाडीत बसलं की चिंचपोकळी, मग भायखळा, आणि तिथे १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं संग्रहालय, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचं. आपल्या शहराचं वैभव आपल्या माणसांनी पाहायला हवं, इतकंच मी म्हटलं. एका मावशींनी वर्गणीची पहिली नोट तिथेच टेबलावर ठेवली आणि ठराव पास झाला.

वेळ ठरवणं पैशांपेक्षा अवघड गेलं. श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत लालबागमध्ये सभा घेण्याचा प्रश्नच येत नाही. रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते आणि आमचे निम्मे कार्यकर्ते मंडपात असतात. दिवाळीनंतर सुरुवात आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आधी शेवट, शनिवारी संध्याकाळी साडेसहा, असं बसवलं. हॉस्पिटलात नर्स असलेल्या एका सभासदाने सांगितलं की दिवसपाळी संपवून ती तेवढ्यात पोहोचू शकते. तिच्यासारख्या आणखी काही होत्या, म्हणून वेळ तीच पक्की केली. जाहिरात म्हणाल तर नाक्यावरचा मंडळाचा फळा आणि व्हॉट्सअॅप. फळ्याचा उपयोग जास्त झाला. येणारा-जाणारा थांबून फळा वाचतो. आमच्या भागात ती सवय अजून टिकून आहे.

पहिल्या वक्त्या म्हणून आम्हाला कलाशिक्षणात आयुष्य घालवलेल्या एक निवृत्त बाई मिळाल्या. त्या आधी जागा पाहायला आल्या. त्यांच्या अटी ऐकून मी वहीत लिहून घेतल्या, कारण अशा अटी घालणारा वक्ता आमच्याकडे पूर्वी आलेला नव्हता. एका संध्याकाळी फार तर चार चित्रं. खोली पूर्ण काळोखी करायची नाही, लोकांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. खुर्च्या सरळ रांगांत न मांडता कमानीत. प्रश्न शेवटासाठी राखून ठेवायचे नाहीत, सुचेल तेव्हा विचारायचे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, आभार हे सगळं मिळून पाच मिनिटांत. आणि पडदा नको, भिंत पांढरी करा. आमच्या भिंतीला ऑइलपेंट होता, त्यावर प्रोजेक्टरचा प्रकाश चकाकतो आणि चित्राच्या मधोमध पांढरा डाग पडतो. आम्ही त्यावर चमक नसलेला पांढरा रंग मारून घेतला. त्या खर्चाची नोंद करताना मला खूप समाधान वाटलं.

पाच मिनिटांची अट आमच्या अध्यक्षांना जड गेली. पाहुण्यांचा मान राखला गेला नाही असं लोक म्हणतील, अशी त्यांची काळजी होती. पण सत्काराचा तो अर्धा तास वाचला की चर्चेला मिळतो, आणि बायकांना घरी जाऊन कुकर लावायचा असतो. मी हे ठामपणे सांगते: वाचनालयांच्या कार्यक्रमांचा सगळ्यात चांगला वेळ, म्हणजे श्रोता ताजातवाना असतानाचा वेळ, आपण औपचारिकतेत घालवतो.

पहिला विषय होता राजा रविवर्मा आणि छापील देव. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त घराघरांत पोहोचले ते अशा छापखान्यांतून. बाईंनी भिंतीवर लक्ष्मी आणली आणि म्हणाल्या, "काय वाटतं ते नंतर. आधी काय दिसतं ते सांगा." बराच वेळ कोणी बोलेना. मग एकेक येऊ लागलं. कमळ. हत्ती. पाण्यातलं प्रतिबिंब. साडीचे काठ. कोणीतरी म्हणालं, "ही बाई खरी वाटते, आपल्या शेजारची." बाईंनी तो धागा पकडला: युरोपातली तैलचित्राची रीत, छाया-प्रकाश, अंगाला आलेलं वजन, आणि त्या रीतीत बसवलेली आपली देवता.

तेवढ्यात मागून एक काका उठले. आयुष्यभर छापखान्यात काम केलेला माणूस, आता सकाळी येऊन सगळी वर्तमानपत्रं वाचतो आणि सहसा कोणाशी बोलत नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे किती दगडांवरचं काम आहे?" बाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्या म्हणाल्या, "हे तुम्हीच सांगा," आणि स्वतः खुर्चीत जाऊन बसल्या.

काका पुढे आले. त्यांनी सांगितलेलं मला जसंच्या तसं आठवतं. शिळाछापात दगडावर तेलकट शाईने उलटं चित्र काढतात. दगड ओला करतात. मग शाईचा रूळ फिरवला की पाणी जिथे आहे तिथे शाई बसत नाही आणि तेलकट रेघ तेवढी शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद प्रत्येक वेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे. याला आमच्यात रजिस्टर बसणं म्हणतात, ते म्हणाले. एक रंग केसभर सरकला की नथीला दुसरी कडा येते, डोळ्याची बाहुली पापणीबाहेर जाते. त्यांनी भिंतीजवळ जाऊन लक्ष्मीच्या हाताच्या कडेला बोट ठेवलं आणि रंग किंचित सरकलेली जागा दाखवली. मी ते चित्र लहानपणापासून देवघरात पाहत आले आहे. ती कडा मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिली.

बाईंनी नंतर आपल्या बाजूने भर घातली: छापून झाल्यावर अशा चित्रांवर व्हार्निश चढवत, काही वेळा कॅनव्हासचा पोतही उठवत, म्हणजे घेणाऱ्याला तैलचित्र घरात लावल्यासारखं वाटावं. सभा संपल्यावरही काकांभोवती माणसं उभी होती. या गोष्टीने आमच्या मालेची दिशा ठरली. गिरण्या, छापखाने, शिवणकाम, रुग्णालयं, बस यांत हात घातलेली माणसं आमच्या खुर्च्यांवर बसतात. वस्तू कशी होते याचं ज्ञान त्यांच्याकडे असतं. वक्त्याने तेवढी जागा ठेवली पाहिजे.

दुसऱ्या व्याख्यानाबद्दल थोडक्यात. त्यातले वक्ते विद्वान होते, पण चित्रं इतकी आणली होती की भिंतीवर एकामागून एक नुसती धावत राहिली, आणि लोक मधल्या मधे उठून गेले. बाईंची चार चित्रांची अट किती खरी होती ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं. पुढच्या प्रत्येक वक्त्याला आम्ही ती आधीच लेखी कळवू लागलो.

त्यानंतर बा. सी. मर्ढेकर. मराठी शिकवणारे एक प्राध्यापक आले होते. मर्ढेकर (१९०९–१९५६) बहुतेकांना शाळेतल्या कवितेमुळे आणि पिपात मेलेल्या उंदरांमुळे ठाऊक होते. त्यांनी कलेचा सिद्धान्त मांडला, 'सौंदर्य आणि साहित्य' हा ग्रंथ १९५५ साली आला, हे ठाऊक असलेले दोन-चारच. प्राध्यापकांनी त्यातली एकच गोष्ट घेतली. मर्ढेकर म्हणतात की कलाकृतीतल्या घटकांची रचना लयीच्या तीन तत्त्वांनी होते: संवाद, विरोध आणि समतोल. सारखे घटक एकमेकांना साथ देतात, वेगळे घटक एकमेकांना छेद देतात, आणि दोन्ही मिळून तोल साधतात. हे चित्राला लागू, संगीताला लागू, कवितेलाही लागू.

मला भीती होती की हे कोरडं होईल. झालं उलटंच. प्राध्यापकांनी उंदरांची कविता एकदा सावकाश वाचली आणि विचारलं, यात सारखं काय येतंय आणि मधेच काय तुटतंय? लोकांनी ओळींवर बोट ठेवून उत्तरं दिली. यमकं अगदी नेमकी, ठेका जवळजवळ बडबडगीतासारखा आणि विषय मरणाचा. "हाच विरोध ना?" असं नर्स असलेल्या आमच्या सभासदाने विचारलं. पुढे ती म्हणाली, "वॉर्डात आम्ही असंच बोलतो. आवाज हलका ठेवतो, बातमी जड असते." मर्ढेकर दुर्बोध आहेत असं ऐकत आलेल्या माणसांना एक अवजार हाती लागलं होतं.

ते अवजार घेऊन पुढच्या रविवारी सकाळी आम्ही बारादेवीला गेलो. मंदिराच्या लोकांना आधी भेटून परवानगी घेतली होती. बाईही आल्या होत्या, प्राध्यापकही. चपला बाहेर काढून आत गेल्यावर पहिल्यांदा सगळे गप्पच झाले. फोटोत कितीही पाहिली तरी त्या शिळेचा भार फोटोत येत नाही. खालची मुख्य आकृती अगदी ताठ, निश्चल उभी. तिच्या डोक्यामागून दुसरी वर उगवते, तिच्यामागून तिसरी, अनेक हात पसरून. आणि बाजूच्या चारही आकृती तिरक्या, जणू त्या मधल्या अंगातूनच फुटून बाहेर निघाल्यात. एका काकांनी सहज म्हटलं, "मधला संवाद, बाजूचे विरोध." प्राध्यापकांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग समतोल कुठे?" यावर वाद झाला. कोणी म्हणालं, डाव्या-उजव्या बाजू एकमेकांना तोलतात. शिवणकाम करणाऱ्या एक ताई म्हणाल्या, खालचे गण बघा, ते नसते तर हे सगळं वर उडून गेलं असतं. काही अभ्यासक हे काम अपुरं राहिलं असं मानतात, हे बाईंनी सांगितल्यावर लोक तळाकडच्या भागाकडे पुन्हा वळले आणि कुठे छिन्नी थांबली असेल ते शोधू लागले.

तिथे एक आजी होत्या, आमच्यातल्याच. त्या नाराज होत्या. "हा देव आहे. त्याच्यापुढे उभं राहून हे डावं-उजवं काय चाललंय?" त्यांचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. बाईंनी त्यांना उत्तर म्हणून व्याख्यान दिलं नाही. त्या म्हणाल्या, "आजी, मी आत आल्यावर आधी हात जोडले. तुम्ही पाहिलंत ना? पण ज्याने हे कोरलं त्याने एकेका हाताचा विचार केला असणार. आपण तो विचार पाहिला तर त्याच्या कष्टांना नमस्कार होतो." आजींना हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. त्या परत जाताना मला म्हणाल्या, "घारापुरीला न्याल तर येईन, पण मी माझी फुलं घेऊन येणार." मला त्यांचं म्हणणं आणि बाईंचं म्हणणं, दोन्ही तितकंच खरं वाटतं. देवाच्या मूर्तीचा कलेतिहास शिकवताना हा प्रश्न आपल्याकडे नेहमीच उभा राहणार आणि त्याला जागा दिलीच पाहिजे.

अरुण कोलटकरांच्या व्याख्यानानंतर राणीच्या बागेत गेलो, तो दिवस वेगळ्या तऱ्हेने भरलेला होता. कोलटकर जे.जे. कला महाविद्यालयात शिकले, जाहिरातक्षेत्रात चित्रकार म्हणून नावाजले, आणि मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत त्यांनी कविता लिहिली. काळा घोडा परिसरावरचा त्यांचा इंग्रजी संग्रह २००४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच आला. ट्रॅफिक आयलंडवरचं कुत्रं, फुटपाथवर जगणारी माणसं त्यात आहेत. ज्या घोड्यावरून त्या भागाला नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा पुतळा मात्र १९६५ मध्ये तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणून ठेवला. आमची मंडळी त्याच्यासमोर उभी होती आणि वक्ते कवितेचा आशय मराठीत सांगत होते. निवृत्त बेस्ट कंडक्टर असलेले एक सभासद त्या चौकातल्या जुन्या बसमार्गांची नावं घेऊ लागले.

तिथून थोड्या अंतरावर, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ, घारापुरीचा दगडी हत्ती आहे. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला उचलला, तेव्हा क्रेन तुटून त्याचे तुकडे झाले, आणि ते पुढे १९१४ मध्ये जोडले गेले. सांधे आजही दिसतात. लहानपणी प्राणी बघायला या बागेत सगळेच आलेले, पण हत्तीपाशी थांबलेलं कोणी नव्हतं. त्या दिवशी आम्ही संग्रहालयात आत जायला उशीर केला, कारण माणसं हत्तीच्या सांध्यांवरून नजर फिरवत तिथेच रेंगाळली.

वाचनालयाच्या कामाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल कपाटात झाला. कलेवरची आमची पुस्तकं 'फक्त संदर्भासाठी' असा शिक्का मारून कुलपात होती, महाग म्हणून. प्रत्येक व्याख्यानाला आम्ही त्या विषयाची पुस्तकं एका टेबलावर मांडू लागलो आणि सभा संपल्यावर अर्धा तास देवघेव चालू ठेवली. लोक पुस्तक हातात धरून विचारत, "हे घरी नेता येईल का?" नाही म्हणणं मला शक्य झालं नाही. कार्यकारिणीत नियम बदलून घेतला: अनामत ठेवा, आठवड्यासाठी न्या. चित्रकार रावबहादूर धुरंधरांचं 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' हे जे.जे.च्या आठवणींचं पुस्तक, १९४० सालचं, कित्येक वर्षं कोणी मागितलेलं नव्हतं. त्याला आता प्रतीक्षायादी आहे. छापखान्यातल्या काकांनी ते नेलं आणि चित्रकार प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' परत करायची वेळ आली तेव्हा मला म्हणाले, "हे दोनदा वाचावं लागेल, मुदत वाढवून द्या."

मालेची शेवटची संध्याकाळ आम्ही श्रोत्यांना दिली. ज्याला हवं त्याने एक चित्र, एक कविता किंवा एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. शिवणकामवाल्या ताईंनी आईचं इरकली लुगडं आणलं आणि काठ-पदर कसे विणून जोडले जातात ते उलगडून दाखवलं. एका तरुणाने नारायण सुर्व्यांची कविता वाचली. त्याचे आजोबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर घरी बसले, आणि सुर्व्यांना सभांमधून ऐकल्याच्या गोष्टी सांगत. तो वाचत होता तेव्हा समोर बसलेले कितीतरी जण ओठांनी ती कविता त्याच्याबरोबर म्हणत होते.

या वर्षीचे विषय ठरलेत. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात केल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या, आणि त्या कामातून पेस्तनजी बोमनजींसारखे चित्रकार घडले. ती सगळी हकिकत दोन शनिवारांत घ्यायची आहे. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले चित्रकार गाडे आणि शिल्पकार बाकरे यांच्यावर एक संध्याकाळ आहे. घारापुरीची सहल समुद्र शांत असेल तेव्हा, आजींची फुलं धरून. मानधनासाठी वर्गणी जमते आहे, भिंतीला पुन्हा एक हात द्यावा लागेल, आणि शिळाछापावरच्या व्याख्यानाला या वेळी वक्ते म्हणून काकांचं नाव फळ्यावर लिहिलं आहे.